बुधवारची खोली आणि माझं तोंड

आमच्या मिलमध्ये माणूस कामाला लागला की आठवड्याभरात त्याचं खरं नाव गळून पडतं, आणि या पापात माझा वाटा मोठा आहे. मी टाइम ऑफिसात बसतो. सुरतेच्या पांडेसऱ्यात कपडा रंगवून, सुकवून, घडी घालून पाठवणारी आमची मिल. गेटपाशी पंचिंगचं मशीन आणि मशीनला लागून माझी खिडकी. कोण कधी आलं, कोणाला गेटपास हवा, कोणाची रजा संपून चार दिवस झाले तरी पत्ता नाही, हे सगळं या खिडकीतून जातं. येणाऱ्याजाणाऱ्याला एखादा टोला हाणल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक सुपरवायझर बोलायला लागला की थांबतच नाही, त्याचं मी 'ब्रेकफेल' केलं. रंगखात्याचे मास्तर कुठलाही रंग 'येईल बहुतेक' असाच सांगतात, म्हणून ते 'हवामान खातं'. रोज पाच मिनिटं उशिरा येऊन शपथा घेणारा एक जण आहे, तो 'ट्रॅफिक'. सकाळी ठेवलेलं नाव संध्याकाळपर्यंत बॉयलरपासून फोल्डिंगपर्यंत पोचतं आणि मग ते कोणाच्या बापाला बदलता येत नाही.

मला याचा अभिमान होता, लपवत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आत अंग भाजून काढणारी गरमी, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अशा ठिकाणी माणसं हसली की मला वाटायचं, आपणही इथे काहीतरी माल काढतोय.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं की, दर बुधवारी एक मॅडम येणार. बाहेरच्या देशातला जो मोठा गिऱ्हाईक आपला माल घेतो, त्याची माणसं तपासणीला आली होती. कामगारांना मन मोकळं करायला कोणीतरी पाहिजे, असं ती लिहून गेली. आमच्या साहेबांना अग्निशामक सिलिंडर आणि मन मोकळं करणं ही एकाच यादीतली कामं. एक भिंतीला टांगायचं आणि दुसरं एका खोलीत बसवायचं. खोली मिळाली ती माझ्या खिडकीशेजारची. तिथे पूर्वी डाग पडलेल्या कपड्याचे गठ्ठे ठेवायचे. प्लायवूडची भिंत, वर छतापर्यंत न पोचणारी. दाराबाहेर एक लोखंडी बाक. माझ्या टेबलावर एक नवीन रजिस्टर आलं : नाव, खातं, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कारण.

मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, अडाजणकडच्या, गुजराती घरातल्या. हिंदी चांगली, मराठी समजायची पण बोलताना अडखळायच्या. मान थोडी वाकडी करून ऐकायच्या, त्यामुळे माणसाला उगाच जास्त बोलावंसं वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "लोक येतील ना?" मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही खुर्ची सांभाळा, गर्दी मी सांभाळतो."

पहिल्या बुधवारी एक जण आला. बॉयलरवरचा, मूळचा शिंदखेड्याकडचा, वयाने माझ्याहून मोठा. अर्धा तास आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. बॉयलरवाल्याचे डोळे एरवीही लालच असतात, त्यामुळे मी फार काही मनावर घेतलं नाही. चहाच्या सुट्टीत तो रांगेत उभा होता आणि मागेपुढे पंधरावीस माणसं. मी खिडकीतून ओरडलो, "काय मग, झाली का डोक्याची सर्व्हिसिंग? ऑइल बदललं का नुसतं पाणीच मारलं?"

लोक खो खो हसले. तोही हसला. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'सर्व्हिसिंग' पडलं होतं.

पुढच्या बुधवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मॅडम आत मोबाइल बघत बसायच्या आणि मी बाहेर. मग साहेबांनी डोकं लढवलं आणि खोलीत चहा-बिस्किटं ठेवली. त्या बुधवारी तिघं आले. एकाने मुलीच्या शाळेचा फॉर्म भरून घेतला. दुसऱ्याने रेशनकार्डात बायकोचं नाव कसं चढवायचं ते विचारलं. तिसऱ्याने चार बिस्किटं खाल्ली आणि तो म्हणाला, "मॅडम, बोलून काय होणार, एखादी सुई असेल तर टोचा." मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण जाताना पर्स उचलली ती जरा जोरातच.

"अरे भाई, कोई आवतुं केम नथी?" लोक का येत नाहीत, असं साहेबांनी मला विचारलं. तपासणीवाले पुन्हा येणार होते आणि रजिस्टर जवळजवळ कोरंच होतं.

मला काही विचारलं की माझ्याकडे उत्तर तयारच असतं. मी बोटांवर मोजत सांगायला लागलो. एक तर बाक पंचिंगच्या समोर आहे, बसणारा सगळ्या गावाला दिसतो. दुसरं, मशीन सोडायचं तर सुपरवायझरकडून बदली माणूस मागावा लागतो, आणि ब्रेकफेल तिथेच दहा जणांसमोर विचारतो, 'कशाला जायचंय?' तिसरं, मॅडम वयाने लहान, त्यांच्यासमोर चाळिशीचा बाप्या काय रडगाणं गाणार? चौथं, भाषा. माणूस हिंदीत पगार मागतो, भांडतो गुजरातीत, पण दुखलं की त्याला घरचीच बोली आठवते. आणि पाचवं, सगळ्यांना खात्री आहे की आत बोललेलं तुमच्या केबिनपर्यंत येतं आणि मग 'याचं डोकं ठिकाणावर नाही' म्हणून मशीनवरून काढून घडी घालायला बसवतात.

साहेब माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले. म्हणाले, "तू तो बधुं जाणे छे." मला सगळं माहीत असतं म्हणे; मीही खूश. पाचही कारणं खरी होती, आजही खरी आहेत. सहावं मला सुचलं नाही.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण खरा घोर तिथेच होता. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, याच मिलमध्ये स्टेंटरवर आहेत. स्टेंटर म्हणजे ओला कपडा दोन्ही काठांनी ताणून, तापलेल्या पेट्यांमधून सुकवत पलीकडे काढणारं लांबलचक मशीन. दाजी ते पंधरा वर्षं चालवतात. कपड्यावर नुसता हात फिरवून सांगतील, दोन नंबरची पेटी कमी तापतेय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या मशीनवर अपघात झाला. पुढच्या रबरी रुळांमध्ये कपडा गुंडाळला गेला. मशीन थांबवलं, दाजींच्या जोडीदाराने गुंता काढला आणि 'चालू कर' म्हणून ओरडला. दाजींनी बटण दाबलं. त्याच क्षणी जोडीदाराला एक चुणी राहिलेली दिसली आणि त्याने पुन्हा हात घातला. दोन बोटं गेली. चौकशी झाली, जोडीदाराने स्वतःच सांगितलं की चूक माझी. तो आता नंदुरबारकडे गावी भावाच्या दुकानात बसतो. मिलच्या लेखी प्रकरण मिटलं.

दाजींच्या लेखी ते रोज नव्याने घडत होतं. ते उभे राहायचे ते लाल बटणावर पंजा ठेवूनच, आणि तासातून पाच-सहा वेळा मशीन बंद करायचे, काही कारण नसताना. स्टेंटर असं मध्येच थांबलं की तापलेल्या पेटीतला कपडा पिवळा पडतो. पिवळ्या कपड्याचे ढीग वाढायला लागले. ब्रेकफेलने आधी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी सांगून टाकलं : महिन्याभरात सुधारलं नाही तर फोल्डिंगला जा. घडी घालणं वाईट नाही, पण पंधरा वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला घड्या घालायला बसवणं म्हणजे त्याला सगळ्यांदेखत सांगणं, की तू संपलास. आणि मला त्याहून वेगळीच भीती वाटत होती. असा तुटलेला माणूस गरम मशीनपाशी रोज बारा तास उभा राहतो, एखाद्या दिवशी त्याचाच हात जाईल.

रविवारी दुपारी मी डिंडोलीला बहिणीकडे गेलो. वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी होती. दाजी एरवी बट्टी कुस्करून तुपात भिजवायचे आणि मला वाढत बसायचे. त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. शेजारी जेवणाऱ्या धाकट्या मुलीचा हात त्यांनी हातात धरला होता आणि तिची बोटं एकेक करून बघत होते. मुलगी म्हणत होती, "पप्पा, जेवू द्या ना." बहीण माझ्याकडे बघत होती.

"भाऊ, तूच सांग रे यासले," बहीण म्हणाली. "मन्हं काहीच ऐकतस नही."

मला बोलायला एवढं पुरतं. मी सुरू झालो. मॅडम किती चांगल्या आहेत, कोणाला काही सांगत नाहीत, साहेबांना तर नाहीच. मी खिडकीत आहे, ब्रेकफेलला मी बघून घेईन, रजिस्टरात मी वाटेल ते कारण लिहीन. दाजी खाली बघत ऐकत होते. मी अगदी जोशात आल्यावर म्हणालो, "अडचण तरी काय आहे दाजी? कोणाला भिताय?"

दाजींनी पोरीचा हात सोडला. आवाज चढवला नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुले."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो.

"त्या बॉयलरवालाले तू नाव ठेवं," दाजी म्हणाले. "माले काय नाव ठेवशी?"

बहिणीने माझ्या ताटात तूप वाढलं आणि आत निघून गेली. मी ते तूप बघत बसलो. साहेबांसमोर पाच कारणं बोटांवर मोजून दाखवली होती मी! बाक, सुपरवायझर, मॅडमचं वय, भाषा, केबिन. आणि प्रत्येक माणूस त्या दारापर्यंत येऊन परत फिरत होता तो खिडकीत बसलेल्या माझ्या तोंडाला घाबरून. लाज वाटली. नुसती नाही, अंगभर वाटली. बट्टी तशीच टाकून मी उठलो.

सोमवारी बॉयलरवर गेलो. तो कोळशाच्या ढिगाजवळ पाणी पीत उभा होता. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मॅडमकडे कशाला गेला होता?" विचारायचा मला काही हक्क नव्हता, तरी त्याने सांगितलं. त्याचे वडील गेले तेव्हा तो पाळीवर होता. आत मोबाइल न्यायला बंदी, तो लॉकरमध्ये. पाळी सुटल्यावर बघतो तर घरचे बावीस फोन. गावी पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. थोरला मुलगा हा, पण अग्नी धाकट्याने दिला. हे तो दोन वर्षं कोणाशी बोलला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, आणि बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं होतं, ऑइल बदललं का.

मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, अर्धी वाक्यं खाल्ली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना. मी पण हसलोच होतो की." यापेक्षा त्याने एक मुस्काटात मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी जे केलं त्यात मोठेपणा काही नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून केलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, पंचिंगपाशी सगळी रांग लागलेली असताना, मी खिडकी बंद केली, बाकावर जाऊन बसलो, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन त्यात स्वतःचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बोलायचं आहे.' रांगेतून कोणीतरी शिट्टी वाजवली. फोल्डिंगवाल्यांनी त्याच दिवशी माझं नाव ठेवलं. ते इथे सांगत नाही. नाव चांगलं आहे, मलाही इतकं नेमकं जमलं नसतं, आणि पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसलो.

आत जाताना ठरवलं होतं की पाच मिनिटं बसायचं, लोकांना दिसलं म्हणजे झालं. मॅडमनी मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "तुम्ही? बोला." चाळीस मिनिटं झाली तरी मी आतच होतो. एवढंच सांगतो की, सगळ्यांना सतत हसवत ठेवतो त्यामागे माझी एक भीती आहे, आणि ती लहानपणापासूनची आहे. बाहेर आल्यावर भूक मेली होती आणि डोकं हलकं होतं.

रजिस्टरही मी बंद करून घेतलं. साहेब म्हणाले, तपासणीवाल्यांना आकडा पाहिजे. मी म्हटलं, आकडा देतो, नावं देणार नाही. त्या जागी एक कोरी वही आली, माणूस आला की एक रेघ. पुढच्या बुधवारी दोन रेघा पडल्या, त्याच्या पुढच्या बुधवारी चार. ट्रॅफिक जाऊन आला. तो कशाला गेला होता ते मला माहीत नाही, आणि हे न विचारणं मला किती जड गेलं ते देवालाच ठाऊक.

दाजी मात्र येत नव्हते. खिडकीसमोरून जायचे, पंच करायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. महिना संपत आला होता. ब्रेकफेलने फोल्डिंगच्या यादीत त्यांचं नाव घातल्याचं मला कळलं होतं, कारण ती यादी माझ्याकडूनच टाइप होऊन जाते. मी ती दोन दिवस ड्रॉवरमध्ये दाबून ठेवली.

त्या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, दाजी आले. अंगावर कपड्याचा भुसा, हातात रुमाल. बाकापाशी थांबले. मी उठून दार उघडलं. ते आत गेले. मी बाकावर बसलो.

सुरुवातीला काही ऐकू आलं नाही. मग मॅडमचा हळू आवाज, मग दाजींचा, हिंदीत, तुटक. मग हिंदी संपली आणि ते आपल्या बोलीत बोलायला लागले. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली आणि आतून रडणं सुरू झालं. साधंसुधं रडणं नव्हतं ते. बहिणीचं लग्न झाल्यापासून ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही ते दाजी मोठमोठ्याने, लहान मुलासारखे रडत होते. प्लायवूडची भिंत, वरून उघडी. आणि खात्याखात्यांतून माणसं पंचिंगकडे निघाली होती. चाळीस-पन्नास जणांची रांग आता इथे लागणार होती, दारापासून तीन हातांवर.

मी खिशातून मोबाइल काढला आणि कानाला लावला. "हॅलो!" मी ओरडलो. "हां, बोल! आवाज येत नाही! अरे मोठ्याने बोल!"

रांग लागली. मी बाकावरून उठलो, दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटलो. लग्नाला किती माणसं येणार ते विचारलं, मंडपवाल्याला शिव्या घातल्या, बस धुळ्याला थांबते का याची चौकशी केली, नसलेल्या चुलत्याच्या नसलेल्या बैलाची तब्येत विचारली. आतला आवाज वाढला की मी माझा वाढवायचो. लोक कानात बोटं घालायला लागले. ब्रेकफेलने हातानेच विचारलं, आत कोण आहे? मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "कोणी नाही, माझाच नंबर आहे." आणि पुन्हा बैलाकडे वळलो. घसा फाटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायलाही वेळ नव्हता. लोक जेवायला गेले, जेवून आले, पुन्हा पंच करून आत गेले, तरी मी बोलतच होतो, कारण पाठीमागे दारापलीकडे काय चाललंय ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.

खांद्यावर हात पडला. दाजी होते. चेहरा धुतलेला, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला, त्याच्या काळ्या पडद्याकडे बघितलं आणि तो माझ्या खिशात ठेवला.

"बस कर आते," ते म्हणाले. "समदा गयात."

आणि बाकावर माझ्या शेजारी बसले.